पुण्यातील मुलींच्या शाळा आणि शिक्षक-प्रशिक्षणाचा प्रश्न : सावित्रीबाई फुले यांच्या कार्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

सावित्रीबाई फुले (१८३१-१८९७) यांचा उल्लेख सामान्यतः पहिल्या भारतीय शिक्षिका असा केला जातो. हा गौरव यथार्थ असला, तरी त्यांची शिक्षिका म्हणून घडण कशी झाली, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पुण्यात मुलींच्या शाळेसाठी जागा आणि देणग्या प्रयत्नाने मिळू शकत होत्या. शिकविणारी स्त्री मात्र आधी घडवावी लागत होती. प्रस्तुत निबंधात या दृष्टीने फुले दांपत्याच्या कार्याचा विचार केला आहे.

शिक्षिकेची घडण :

१८४० मध्ये विवाह झाला, तेव्हा सावित्रीबाई निरक्षर होत्या. त्यांच्या शिक्षणाचा आरंभ जोतीरावांनी घरीच केला. पुढील अध्ययनास सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम भवाळकर यांचे साहाय्य झाले. अहमदनगर येथील मिस फरार यांची संस्था आणि पुण्यातील मिचेलबाईंचे नॉर्मल स्कूल येथे त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतल्याचे चरित्रकार नोंदवितात. म्हणजेच घर, मित्रमंडळ आणि मिशन या तीन आधारांवर ही शिक्षिका उभी राहिली. पुण्यात स्त्रियांसाठी सरकारी ट्रेनिंग कॉलेज १८७० मध्ये सुरू झाले, हे लक्षात घेता या तयारीचे महत्त्व स्पष्ट होते.

शाळांचा विस्तार व मनुष्यबळ :

१८४८ मध्ये भिडे वाड्यात पहिली शाळा सुरू झाली. त्यानंतर ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात, १७ सप्टेंबर १८५१ रोजी रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत शाळा निघाल्या. चिपळूणकर वाड्यातील शाळेत आरंभी आठ मुली होत्या. ती संख्या लवकरच ४८ झाली. १८५३ च्या वार्षिक परीक्षेच्या वेळी या शाळांतील मुलींची संख्या २३७ होती.

पेठा वाढल्या, तसा शिक्षकांचा प्रश्नही वाढला. आजारपणामुळे नायगावी असताना सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमा यांच्यावर पडलेल्या कामाच्या भाराची काळजी व्यक्त झाली आहे. मोजक्याच शिक्षिकांवर सारा भार असल्याने एकीच्या अनुपस्थितीची झळ दुसरीला लागे, असे या पत्रावरून दिसते. अध्यापनाच्या गुणवत्तेचा पुरावा मात्र विद्यार्थिनींनी दिला. मुक्ता या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या समाजाच्या दुःखाची कारणे विचारणारी ही लेखणी केवळ अक्षरओळखीतून घडलेली नव्हती.

हंटर आयोगापुढील निवेदन :

या अनुभवाचे धोरणात्मक रूप १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात आढळते. प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक ब्राह्मण असून त्यांपैकी थोडेच प्रशिक्षित आहेत आणि त्यांचे वेतन क्वचितच दहा रुपयांहून अधिक असते, असे त्यांनी निदर्शनास आणले. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत आणि त्यांना किमान बारा रुपये वेतन असावे, अशी त्यांची मागणी होती. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा संपूर्ण खर्च नगरपालिकांनी सोसावा, असेही त्यांनी सुचविले. आपण व आपल्या पत्नीने मुलींच्या शाळेत अनेक वर्षे एकत्र काम केल्याची नोंद याच निवेदनात आहे.

निष्कर्ष :

फुले दांपत्याने शाळा आणि शिक्षक यांचा विचार एकत्रितपणे केला. स्वतः शिकलेली स्त्री इतरांना शिकविते, तिच्या हाताखालची मुलगी लेखणी उचलते, हा क्रम त्यांनी घर व शाळा यांमधून सुरू केला. परंतु खासगी निष्ठेवर उभी असलेली व्यवस्था मोजक्या माणसांच्या बळापलीकडे जाऊ शकत नव्हती. म्हणूनच १८८२ च्या निवेदनात शिक्षकाचे प्रशिक्षण, वेतन आणि सामाजिक स्तर हे शासनाच्या जबाबदारीचे विषय म्हणून मांडले गेले. सावित्रीबाईंच्या कार्याचे मूल्यमापन केवळ 'पहिल्या' या विशेषणाने पूर्ण होत नाही. शिक्षक घडविण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न त्या कार्याच्या केंद्रस्थानी आहे.