ध्येयलेखन

ध्येयलेखन म्हणजे स्वतःला काय साधायचे आहे, कधीपर्यंत आणि कोणत्या मार्गाने, हे लिहून ठेवण्याची पद्धत. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, खेळाडू आणि बचत गटांतील स्त्रिया यांच्यात ती रूढ आहे. तिचा उपयोग होतो, पण त्यातला मोठा वाटा लिहिल्यानंतर ठेवलेल्या नोंदींचा आणि वेळोवेळी घेतलेल्या आढाव्याचा असतो.

या विषयावरच्या व्याख्यानांत अमेरिकेतील येल विद्यापीठाचा १९५३ सालचा दाखला हमखास दिला जातो. ध्येय लिहून ठेवणाऱ्या तीन टक्के पदवीधरांनी उरलेल्या सर्वांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त संपत्ती मिळवली, असे त्यात सांगतात. असा अभ्यास झाल्याचा कोणताही पुरावा नाही. तो दाखला वापरू नये.

मानसशास्त्रीय संशोधनातले खरे पुरावे याहून साधे आहेत. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी अनेक दशकांच्या संशोधनातून दाखवले की ‘जमेल तेवढे करू’ या भूमिकेपेक्षा नेमके व थोडे अवघड ध्येय माणसाकडून जास्त काम करून घेते. गेल मॅथ्यूज यांच्या कॅलिफोर्नियातील अभ्यासात १४९ जण शेवटपर्यंत टिकले. ध्येय फक्त मनात ठरवणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांनी ध्येय पूर्ण केले किंवा निम्मे तरी अंतर कापले. ध्येय व कृती लिहून दर आठवड्याला मित्राला प्रगती कळवणाऱ्यांत हे प्रमाण ७६ टक्के होते. पीटर गॉलविट्झर यांनी ‘अमुक वेळ आली की अमुक करायचे’ अशा पक्क्या आखणीवर भर दिला. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अशा आखणीचा स्पष्ट लाभ दिसला. २०१६ मधील १३८ अभ्यासांच्या आढाव्यातही प्रगती तपासत राहणारे पुढे गेले. तपासणीची लेखी नोंद ठेवली किंवा ती इतरांना कळवली, तर परिणाम आणखी वाढला.

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावचे उदाहरण या बाबतीत विशेष बोलके आहे, कारण तिथे ध्येय ठरले तेव्हा ते ठरवणाऱ्यांना लिहिताच येत नव्हते. गावातल्या वयस्कर स्त्रियांनी आपल्यालाही वाचता यावे, अशी इच्छा बोलून दाखवली. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. विद्यार्थिनी साठ ते नव्वद वर्षांच्या. गुलाबी नऊवारी, दप्तर, पाटी-पेन्सिल असा थाट. घरची आणि शेतातली कामे आटोपली की दुपारी वर्ग भरे. शिकवायला गावातलीच एक सून होती, आणि तिची सासूही समोर पाटी घेऊन बसे. अंगठ्याऐवजी सही करता येणे हे यातल्या अनेकींसाठी आवाक्यातले, मोजता येणारे उद्दिष्ट होते. कागदावर एक ओळही नसताना इथे ठरलेली वेळ, ठरलेली जागा, सोबतीण आणि रोज पाटीवर दिसणारी प्रगती एवढे सगळे होते. संशोधनात ज्या गोष्टी परिणामकारक ठरल्या, त्या नेमक्या याच. पूजेच्या संकल्पातही स्थळ, काळ आणि हेतू मोठ्याने उच्चारले जातात. ध्येय असे नेमके सांगण्याची गरज तोंडी परंपरेला फार आधीपासून ठाऊक आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात लेखी ध्येयाचा वापर बचत गटांत दिसतो. राज्याच्या ‘उमेद’ अभियानातील गट पंचसूत्री पाळतात: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि अद्ययावत हिशेब. कर्ज घेताना बाईला ते कशासाठी, शेळीसाठी की शिलाई मशीनसाठी, हे सांगावे लागते, आणि तसे ते लिहिले जाते. पुढच्या बैठकीत वही उघडली की हप्ता आला की नाही हे सगळ्यांसमोर येते. शहरातल्या डायरीत एकट्याने लिहिलेल्या नववर्षाच्या निश्चयांना हा धाक नसतो, म्हणून ते बहुधा फेब्रुवारीपर्यंत मागे पडतात.

मर्यादाही आहेत. गॉलविट्झर यांच्याच २००९ मधील प्रयोगांत, आपल्या ओळखीशी जोडलेला निश्चय इतरांच्या लक्षात आल्यावर काहींनी प्रयत्न कमी केले. जाहीर करण्याच्या समाधानातच त्यांची भूक भागली. त्यामुळे मोठेपणाची घोषणा करण्यापेक्षा झालेले काम कळवणे चांगले. आवाक्याबाहेरच्या अडचणींवरही लेखनाचा इलाज चालत नाही. भाताचे पीक पावसावर अवलंबून असलेल्या कुटुंबाने उत्पन्नाचा आकडा लिहिला तरी पाऊस त्याला बांधील नसतो. तिथे आकड्याऐवजी स्वतःच्या हातातली कामे लिहावीत, जसे रोपे कधी टाकायची, खत कधी आणायचे, आणि हंगाम संपल्यावर यादी बदलावी.