मांड : १९८९ सालच्या तीन जपानी गाड्या

तुलना हा समीक्षेचा जुना व्यवसाय आहे, आणि तिचा एक दोषही तितकाच जुना आहे. तुलना करता करता आपण क्रमवारी कधी लावू लागलो, हे आपल्याला कळत नाही. स्पोर्ट्स गाड्यांविषयीच्या लेखनात हा दोष विशेष ठळकपणे दिसतो. रूप, हाताळणी आणि चालवण्याचा आनंद अशा तीन कसोट्या मांडायच्या, प्रत्येकीला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि विजेता जाहीर करायचा, अशी त्या लेखनाची रूढ रीत आहे. या तिन्ही शब्दांचा अर्थ सर्व गाड्यांच्या बाबतीत एकच असतो, असे या रीतीत गृहीत धरलेले असते. आम्हांला हे गृहीतक मान्य नाही. प्रत्येक चांगली गाडी 'आनंद' या शब्दाचा स्वतःचा अर्थ घेऊन येते, आणि तो अर्थ उलगडल्याशिवाय तिच्या रूपाविषयी वा हाताळणीविषयी फारसे काही बोलता येत नाही. १९८९ या एकाच वर्षी जगासमोर आलेल्या तीन जपानी गाड्यांच्या आधारे हे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे. या गाड्या म्हणजे माझ्दाची 'रोडस्टर', होंडाची 'एनएसएक्स' आणि निस्सानची 'स्कायलाइन जीटी-आर'.

भारतीय वाचकाच्या मनात 'जपानी गाडी' या शब्दांभोवती निराळे अर्थवलय आहे. १९८३ च्या अखेरीस सुझुकीच्या सहकार्याने बनलेली मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्यामुळे जपानी गाडी म्हणजे काटकसर, भरवसा आणि कुटुंबवत्सलता हे समीकरण आपल्याकडे पक्के झाले. पाश्चात्त्य देशांतही बराच काळ जपानी गाडीविषयीचे मत याहून फार वेगळे नव्हते. त्यात अनुकरणाच्या आक्षेपाची भर मात्र पडलेली होती. जपानी कारखाने नेटके काम करतात, पण कल्पना युरोपच्या असतात, असा तो आक्षेप होता.

त्याला काही आधार होता हे नाकारण्यात अर्थ नाही. सुझुकाचा शर्यतमार्ग १९६२ मध्ये तयार झाला आणि त्यावर पहिली जपानी ग्राँ प्री १९६३ मध्ये झाली. जपानमधील पहिल्या द्रुतगती महामार्गाचा, मेइशिनचा, पहिला टप्पाही त्याच वर्षी खुला झाला. म्हणजे वेगाने जाण्यासाठी रस्ताच जिथे नुकता तयार होत होता, तिथे वेगवान गाडीची परंपरा कुठून असणार? १९६७ ची टोयोटा २०००जीटी ही यामाहाच्या सहकार्याने बनली. तिच्या लांब बॉनेटमध्ये आणि उतरत्या छपरात युरोपीय गाड्यांची आठवण स्पष्ट होती. त्याच वर्षीच्या माझ्दा कॉस्मो स्पोर्टमधले रोटरी इंजिन मूळचे जर्मन कल्पनेचे होते. १९६९ मध्ये आलेली आणि अमेरिकेत अफाट खपलेली डॅटसन २४०झेड पाहून अनेकांना ब्रिटिश जॅग्वार ई-टाइप आठवली.

परंतु साहित्याच्या अभ्यासकांनी तरी या आक्षेपापाशी थांबू नये. सुनीताचा चौदा ओळींचा साचा इटलीतून इंग्रजीत गेला आणि केशवसुतांच्या हातून तो मराठीत आला. साचा उसना होता म्हणून मराठी सुनीत उसने ठरले नाही. त्या साच्यात कवीने स्वतःचे काय मांडले, हा प्रश्न निर्णायक ठरला. जपानी स्पोर्ट्स गाड्यांनाही हाच प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर १९८९ मध्ये मिळते.

ते वर्ष जपानच्या इतिहासात संधिकालाचे होते. ७ जानेवारीला सम्राट हिरोहितो यांचे निधन झाले, शोवा काळ संपला आणि हेइसेइ सुरू झाला. टोकियोचा शेअर निर्देशांक डिसेंबरअखेर अशा शिखरावर पोचला, की ते शिखर पुन्हा ओलांडायला २०२४ साल उजाडावे लागले. कंपन्यांच्या तिजोऱ्या भरलेल्या होत्या आणि अभियंत्यांना मनाजोगे काम करण्याची मुभा होती. याच सुमारास जपानी उत्पादकांनी आपसांत ठरवून देशांतर्गत गाड्यांची जाहीर शक्ती २८० अश्वशक्तीवर रोखून धरली, आणि ही मर्यादा २००४ पर्यंत टिकली. प्रत्यक्षात काही इंजिने कागदावरच्या आकड्यापेक्षा बलवान असावीत, असे सर्रास मानले जाई. तरीही या संकेताचा एक परिणाम झाला. आकड्यांच्या चढाओढीला कुंपण पडले, आणि गाडीचा वेगळेपणा अन्यत्र शोधणे भाग पडले.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझ्दाची रोडस्टर प्रथम दिसली. तिची कल्पना दहा वर्षे जुनी होती. १९७९ मध्ये बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझ्दाचे केनिची यामामोतो यांना सुचवले होते की, हलकी, उघडी, दोन आसनी ब्रिटिश गाडी आता कोणी बनवत नाही, ती तुम्ही बनवा. हॉल पुढे माझ्दातच रुजू झाले. १९६० च्या दशकातील लोटस एलान ही या गाडीची उघड पूर्वसूरी होती, आणि माझ्दाने ती लपवलीही नाही. मात्र मुख्य अभियंते तोशिहिको हिराई यांनी या उसन्या साच्याला एक जपानी सूत्र दिले. ते सूत्र म्हणजे 'जिन्बा इत्ताइ', अर्थात घोडा आणि स्वार यांचे एकरूप होणे. धावत्या घोड्यावरून बाण सोडणाऱ्या धनुर्धराशी या शब्दांचा संबंध जोडला जातो. मराठीत त्यासाठी फार नेमका शब्द आहे : मांड. ज्याची मांड पक्की, त्याला घोड्याची हालचाल पाहावी लागत नाही, ती मांडीला कळते.

हे सूत्र केवळ जाहिरातीचे नव्हते, ते लोखंडात आणि ॲल्युमिनिअममध्ये उतरले होते. इंजिन अवघे १.६ लिटरचे, शक्ती १२० अश्वशक्ती, वजन सुमारे ९४० किलो. इंजिन पुढे, पण शक्य तितके मागे सरकवलेले, जेणेकरून भार पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ समसमान पडावा. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना जोडणारी एक ॲल्युमिनिअमची चौकट बसवली होती. तिच्यामुळे ॲक्सिलरेटरवर पाय दाबताच उत्तर ढिलाईशिवाय मागच्या चाकांपर्यंत पोचे. टायर अरुंद, पकड बेताची. ही उणीव नव्हती, योजना होती. पकड बेताची असल्यामुळे साध्या वेगातही वळणावर गाडी काय करते आहे, हे चालवणाऱ्याला जाणवत असे.

त्याच प्रदर्शनात होंडाने एनएसएक्सचा नमुना मांडला, आणि १९९० मध्ये ती विक्रीस आली. तिचा उसना साचा इटालियन होता. इंजिन आसनांच्या मागे, बांधा जमिनीलगत, किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर. अशा गाडीने मालकाला थोडा त्रास द्यावा, हे त्या परंपरेत जवळजवळ गृहीतच होते : जड क्लच, अवघड बैठक, मागचे काही न दिसणे. मुख्य अभियंते शिगेरू उएहारा आणि त्यांचे सहकारी यांनी हे गृहीतकच नाकारले. संपूर्ण सांगाडा ॲल्युमिनिअमचा केला, आणि नियमित उत्पादनातल्या गाडीत असे प्रथमच घडले. एफ-१६ लढाऊ विमानाच्या कॉकपिटवरून स्फूर्ती घेऊन केबिन पुढे आणली आणि चहूबाजूंनी काच दिली. आयर्टन सेना यांनी सुझुकावर नमुना-गाडी चालवून ती पुरेशी ताठ नसल्याचे सांगितले. त्यानंतर जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगवर चाचण्या घेऊन सांगाडा अधिक ताठ केला गेला. तीन लिटरचे व्ही-६ इंजिन आठ हजार फेऱ्यांपर्यंत सहज चढे, आणि तीच गाडी शहराच्या गर्दीतही न कुरकुरता चाले.

ऑगस्ट १९८९ मध्ये विक्रीस आलेली स्कायलाइन जीटी-आर या दोघींहून वेगळ्या कुळातली. तिचा साचा युरोपीय सलून गाड्यांच्या शर्यतींनी घडवला होता. हाताळणीत १९९० पर्यंत जगात अव्वल व्हायचे, असा '९०१' नावाचा संकल्प निस्सानमध्ये सोडला गेला होता, आणि नागानोरी इतो यांच्या नेतृत्वाखालील ही गाडी त्याचे ठळक फळ होती. तिचे इंजिन २५६८ घन सेंटिमीटरचे होते. हा विचित्र आकडा 'ग्रुप ए' शर्यतींच्या नियमांतून आला. टर्बो इंजिनांच्या आकारमानाला १.७ ने गुणून त्यांचा वर्ग ठरवला जाई. नेहमी मागची चाके ओढत. ती घसरू लागली की संगणक गरजेपुरती, जास्तीत जास्त निम्मी ताकद पुढच्या चाकांकडे वळवी, आणि मागची चाकेही किंचित वळत. जपानच्या ग्रुप ए स्पर्धेत १९९० ते १९९३ या काळात या गाडीने २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियात तिला 'गॉडझिला' म्हणू लागले.

आता त्या तीन शब्दांकडे वळू. रूप पाहायचे तर रोडस्टरला सर्वांत मृदू चेहरा लाभला आहे. तिच्या पृष्ठभागांविषयी बोलताना डिझायनर शुन्जी तानाका यांनी नोह नाट्यातील मुखवट्यांचा दाखला दिला. कोन आणि प्रकाश बदलला की त्या मुखवट्याचा भाव बदलतो, तसा हा पत्रा उन्हाबरोबर बदलतो. एनएसएक्सचे रूप चालकाच्या दृष्टीतून घडलेले आहे. ती बाहेरून सुंदर दिसतेच, पण तिचा खरा विचार आतून बाहेर पाहण्याचा आहे. जीटी-आर तर देखणेपणाचा विचार जणू करतच नाही. चौकोनी बांधा, रुंद टायरांसाठी फुगवलेले कमानदार पत्रे, मागे स्कायलाइनचे परंपरागत चार गोल दिवे. तिचे रूप हे कामाचे रूप आहे.

हाताळणीचेही तसेच. रोडस्टर स्वतःची मर्यादा लवकर सांगते आणि हळुवारपणे सांगते. एनएसएक्सची मर्यादा पुष्कळ दूर आहे, तिथवर ती निर्मळ भाषेत बोलते. पण इंजिन मध्यभागी असल्याने मर्यादा ओलांडणाऱ्याला ती सहज क्षमा करत नाही. जीटी-आर वजनदार आणि नाकाशी जड, तरी वळणातून बाहेर पडताना चालकाला इतर गाड्यांपेक्षा आधी आणि जोराने ॲक्सिलरेटर दाबू देते.

मग आनंद कोणता? रोडस्टरचा आनंद संवादाचा, एनएसएक्सचा नेमकेपणाचा, जीटी-आरचा सामर्थ्याचा. यंत्र मध्ये पडले की आनंद संपतो, असा एक सोपा आक्षेप जीटी-आरवर घेतला जातो. आम्हांला तो अपुरा वाटतो. तिचा संगणक चालकाला बाजूला सारत नाही, अधिक धाडस करण्याचे आमंत्रण देतो. मात्र हेही खरे की, त्या धाडसात कौशल्य किती चालकाचे आणि किती यंत्राचे, ही सीमारेषा तिच्यापासून पुसट होऊ लागली.

पुढे फुगा फुटला. एनएसएक्सचे उत्पादन २००५ मध्ये थांबले. त्याच नावाची हायब्रिड गाडी २०१६ मध्ये आली आणि २०२२ मध्ये संपली. जीटी-आर २००७ पासून स्कायलाइनचे नाव सोडून स्वतंत्र झाली, आणि २०२५ मध्ये तीही थांबली. रोडस्टरने २०१६ मध्ये दहा लाखांचा टप्पा गाठला आणि तिची चौथी पिढी आजही बनते, वजन अजून सुमारे एक टनच राखून.

यावरून रोडस्टर जिंकली असे म्हणणे म्हणजे पुन्हा बेरजेकडे वळणे होय. ती स्वस्त होती, हेही तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण आहे. एनएसएक्सने दिलेला धडा मॅकलॅरेन एफ१ घडवणाऱ्या गॉर्डन मरे यांनी मोकळेपणाने मान्य केला. जीटी-आरच्या मागे असलेला विचार, म्हणजे चाकांची घसरण यंत्राने ओळखून सावरणे, आज साध्या कौटुंबिक गाडीतही आढळतो. तिघींचा वारसा टिकला आहे, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी.

तरीही या इतिहासातून एक प्रश्न उरतो आणि तो मोटारींपुरता नाही. स्टिअरिंग सावरणारी, ब्रेक लावणारी, मार्गिका सांभाळणारी यंत्रणा आता सर्रास मिळते. तिने अपघात टळत असतील तर तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण जे काम आपल्या हातून काढून घेतले जाते, त्या कामाबरोबर कोणती समज जाते, याची नोंद कोणी तरी ठेवायला हवी. 'मांड' हा शब्द आपल्याकडे घोडदळाबरोबर मागे पडला. हिरोशिमाच्या अभियंत्यांनी तशीच एक जुनी कल्पना उचलून मोजमापांत, धातूत आणि पेडलच्या ताणात उतरवली. ते करताना त्यांनी आधी स्वतःला विचारले होते की, गाडीत बसलेल्या माणसाला नेमके काय जाणवले पाहिजे. तुलनेची सुरुवात याच प्रश्नापासून व्हावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.