सुओ मोटू

सुओ मोटू : इंग्रजी कायदेभाषेत रूढ असलेला लॅटिन शब्दप्रयोग. अर्थ : कोणी अर्ज किंवा तक्रार केलेली नसताना, स्वतःहून. ‘सुउस’ म्हणजे आपला, ‘मोटुस’ म्हणजे हालचाल किंवा प्रेरणा. विभक्ती लागून ‘आपल्याच प्रेरणेने’. व्याकरणदृष्ट्या ‘मोटू’ हेच रूप शुद्ध. पण भारतात ‘मोटो’ सर्रास लिहितात, आणि मराठी वृत्तपत्रांनी व वकिलांनी तर ‘सुमोटो’ असा सुटसुटीत शब्दच रुळवला आहे. पोप स्वतःहून काढतात त्या आदेशपत्राचे नाव ‘मोटू प्रोप्रिओ’ याच कुळातले.

अमेरिकी न्यायालये या अर्थी ‘सुआ स्पाँटे’ म्हणतात. इंग्लंडमध्ये १९९९ साली अमलात आलेल्या दिवाणी प्रक्रिया नियमांनी लॅटिनला कात्री लावून साधी इंग्रजी शब्दयोजना स्वीकारली. भारत आणि पाकिस्तानात मात्र हा प्रयोग केवळ टिकला नाही, त्याचा अर्थही फुगला. एरवी तो चालू खटल्यातल्या एखाद्या पावलापुरता असतो. उदाहरणार्थ, पक्षकारांनी न काढलेला अधिकारक्षेत्राचा मुद्दा न्यायाधीशाने स्वतः काढणे. जनहित याचिकांचे युग आल्यावर भारतात खटल्याची सुरुवातच अशी होऊ लागली. बातमी वाचून न्यायालय दखल घेते. याचिकाकर्ता नसल्याने बाजू मांडायला बहुधा न्यायमित्र नेमते. बदलापूरच्या शाळेतील बालिकांवरील अत्याचारांची मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये घेतलेली दखल या प्रकारची. करोनाकाळात, २३ मार्च २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दावे-अपिले दाखल करण्याची मुदत वाढवली तीही सुमोटो.

हा अधिकार सर्वांना सारखा नाही. उच्च व सर्वोच्च न्यायालयांना तो संविधानाच्या अनुच्छेद २२६ व ३२ मधून मिळतो. खालच्या न्यायालयांना कायदा देईल तेवढाच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला तो आहे का, हा वाद मुंबईच्या कचऱ्यावरून पेटला. महापालिकेने ‘नाही’ म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘आहे’ असा निकाल दिला.

न्यायालयाबाहेरही शब्द चालतो. संसदेत मंत्री आपणहून करतात ते निवेदन ‘सुओ मोटू’ असते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या इंग्रजी पाठात कलम ४(२) मध्ये तो थेट आला आहे : नागरिकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी म्हणून कार्यालयांनी शक्य तितकी माहिती ‘सुओ मोटू’ प्रसिद्ध करावी.