तूप कुणाचं, डालडा कुणाचा?

‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ ही म्हण आपण सगळे शाळेत शिकलो. हट्टी माणसाबद्दलची म्हण, एवढाच अर्थ गुरुजींनी सांगितला. ती कुणाच्या तोंडची आहे हे कुणी विचारलं नाही. ज्याच्या घरात तुपाचं भांडं भरलेलं आहे आणि जो रुसून बसला तर समजूत काढायला कुणीतरी येणार आहे, अशा माणसाची ही म्हण आहे. ज्यांच्या वाट्याला उपास न मागता आला, त्यांच्यापुढे हा पर्याय कधी ठेवलाच गेला नव्हता.

हे आठवायचं कारण म्हणजे आपल्या तरुण मित्रांच्या ग्रुपवर सध्या चाललेला वाद. घरात लोणी-तूप खावं, की मार्गारीन आणि वनस्पती चालेल? एक जण कोलेस्टेरॉलचा तक्ता टाकतो, दुसरा गीर गाईच्या तुपाची रील टाकतो. मी आहारतज्ज्ञ नाही, समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. म्हणून मला या वादात जे कुणी बोलत नाही ते बोलायचं आहे. हा पर्याय निवडण्याचा हक्क कुणाला होता, कुणाला नव्हता, आणि तो कसा हिरावला गेला?

सुरुवात चकवाड्यापासून करू. बाबासाहेबांच्या ‘जातिसंहार’ या १९३६ च्या भाषणात, जे लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना करूच दिलं नाही, त्यात जयपूर संस्थानातल्या या गावाची हकीकत आहे. घटना त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्याच्या सुमाराची. एक अस्पृश्य माणूस तीर्थयात्रा करून गावी परतला. पुण्यकर्म म्हणून त्यानं आपल्याच जातभाईंना जेवण घालायचं ठरवलं. पाहुण्यांना चांगलं खाऊ घालावं म्हणून पदार्थांत तूप वापरलं. पंगत बसली असताना शेकडो सवर्ण हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना झोडपलं. लोक भरल्या ताटावरून उठून जीव घेऊन पळाले. यजमानानं तूप वाढलं आणि पाहुण्यांनी ते खाल्लं, एवढाच गुन्हा.

या प्रसंगाकडे नीट पाहा. तूप चोरलेलं नव्हतं. कुणा सवर्णाच्या पंगतीत कुणी घुसलेलं नव्हतं. आपल्या पैशाचं तूप, आपल्या घरी, आपल्या माणसांना. बाबासाहेबांनी नेमकं हेच दाखवलं, की ऐपत असली तरी तूप खायचं नाही, कारण तूप खाणं म्हणजे हिंदूंची बरोबरी करणं असं त्या गावानं मानलं होतं. ‘दलितांच्या जेवणात तूप नव्हतं कारण ते गरीब होते’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. गरिबी होतीच. पण गरिबीतून बाहेर पडलेल्या माणसाच्या ताटावर लाठी पडत होती. (चकवाडा हे नाव २००१ च्या डिसेंबरात पुन्हा ऐकू आलं. तेव्हा प्रश्न गावच्या तळ्यात उतरण्याचा होता.)

याच्या नऊ वर्षं आधी, मार्च १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेत आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं होतं. आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. मेलेलं जनावर खाल्लं तर तुम्ही नीच, आणि ते सोडून तूप खाल्लं तर तुम्ही उद्धट. मग खायचं काय? शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीची नोंद केली आहे. त्या चुलीवर दूध-तुपाला जवळपास जागाच नाही. पुस्तकाच्या नावातला ‘अपूर्ण’ हा शब्द उगाच आलेला नाही.

तूप जातीच्या कामाला कसं लागलं, हे समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षातच शिकवतात, पण शिकवताना त्याचा डंख काढून टाकतात. उत्तर भारतात अन्नाचे ‘कच्चा’ आणि ‘पक्का’ असे दोन प्रकार मानले गेले. पाण्यात शिजलेला भात, तव्यावरची रोटी हे कच्चं, ते सहज बाटतं, म्हणून आपल्या किंवा वरच्या जातीच्या हातचंच घ्यायचं. तुपात तळलेली पुरी, कचोरी, मिठाई हे पक्कं, ते काही खालच्या जातींकडूनही चालतं. तूप म्हणजे विटाळ अडवणारं कवच! सोय तर पाहा. प्रवासात, लग्नात, बाजारात वरच्या जातींना जेवता यावं म्हणून तुपानं नियम सैल केला. पण अस्पृश्याच्या हाताला लागलं की हेच कवच फुटायचं. त्याच्या हातचं पक्कंही नको, आणि त्यानं स्वतःच्या घरी केलेलं पक्कंही नको.

याच देशात तुपाकडे पाहण्याची एक वेगळी रीत अडीच हजार वर्षांपूर्वी होती. विनयपिटकात आजारी भिक्खूंसाठी पाच औषधी पदार्थांना परवानगी आहे: सप्पि म्हणजे तूप, नवनीत म्हणजे लोणी, तेल, मध आणि फाणित, म्हणजे काकवीसारखा उसाचा पदार्थ. अट एकच, सात दिवसांहून जास्त साठवायचं नाही. उपालीसारखा न्हावी ज्या संघात विनयाचा प्रमुख जाणकार झाला, तिथे तूप कुणाला मिळावं हे आजारावरून ठरत होतं, जन्मावरून नाही. तूप-लोणी ही ब्राह्मणांचीच चीज आहे असं मानणाऱ्या आपल्याच मित्रांनी हे लक्षात ठेवावं.

आता नकली लोण्याकडे येऊ. मार्गारीन जन्मलं १८६९ मध्ये फ्रान्समध्ये. तिसऱ्या नेपोलियनला आरमारासाठी आणि गरिबांसाठी लोण्याला स्वस्त पर्याय हवा होता. मेज-मूरिएस या रसायनतज्ज्ञानं गाईबैलांच्या चरबीपासून तो तयार केला. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा पदार्थ ‘त्यांच्यासाठी’ होता, ज्यांना खरं लोणी परवडत नाही. लोणीवाल्यांनी लगेच आरडाओरड केली. अमेरिकेत १८८६ मध्ये मार्गारीनवर खास कर बसला आणि तो १९५० पर्यंत टिकला. काही राज्यांनी तर मार्गारीन गुलाबी रंगवून विकायची सक्ती केली, म्हणजे पाहूनच किळस यावी. १८९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. तरी विस्कॉन्सिन या दूधदुभत्याच्या राज्यात पिवळं मार्गारीन विकायची बंदी १९६७ पर्यंत होती. गरिबाच्या ताटातला पदार्थ दिसायलाही वेगळा असला पाहिजे, हा हट्ट फक्त आपल्याकडचा नाही.

हॉलंडमधल्या मार्गारीन कंपन्या आणि इंग्लंडची लीव्हर ही साबण कंपनी १९२९ च्या कराराने एकत्र आल्या, त्यातून युनिलिव्हर उभी राहिली. हॉलंडचं घट्ट केलेलं वनस्पती तेल आधीच भारतात विकलं जात होतं. १९३१ मध्ये या समूहानं हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि मुंबईत शिवडीला कारखाना उभा राहिला. त्यातून ‘डालडा’ आला. इथल्या लोकांना ब्रेडवर लावायला लोणी नको होतं, तळायला, फोडणीला तूप हवं होतं, म्हणून मार्गारीनच्या या भावानं तुपाचं रूप घेतलं. तेच पांढरं, तेच रवाळ.

पुढे आपल्या घरांत हा पिवळा डबा आला. त्यावरचं हिरवं ताडाचं झाड ओळखत नाही असा साठीतला माणूस सापडणार नाही. सणासुदीच्या पुऱ्या, लग्नातली बुंदी, बाळंतिणीचे लाडू डालड्यात होऊ लागले. रिकामा डबाही वाया जात नसे, ज्वारी मोजायला, पाणी काढायला वापरला जाई. (शेजारच्या गल्लीत त्यात तुळस लागायची, आमच्याकडे कोरफड.) ज्या ताटांवर तूप पडलं म्हणून लाठ्या पडल्या, त्या ताटांत तुपासारखं काहीतरी पहिल्यांदा आलं. डालड्याला नाकं मुरडणाऱ्यांनी हा आनंद समजून घ्यायला हवा. पण हिंदीत ‘डालडा’ हाच शब्द नकली या अर्थाने वापरला जाऊ लागला. पदार्थ स्वस्त झाला, हिणवणं थांबलं नाही.

मग सुरू झालं तुपाच्या रक्षणाचं राजकारण. तुपात वनस्पतीची भेसळ होत होती, हे खरंच होतं. गांधींनी ‘हरिजन’मधून वनस्पतीवर टीका केली, त्यात पोषणाचाही मुद्दा होता, हे मान्य केलं पाहिजे. पण मागणीचा मुख्य सूर बघा. वनस्पतीला रंग द्या म्हणजे ती तूप म्हणून खपणार नाही, नाहीतर तिच्यावर बंदीच घाला. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गोरक्षणाची दुरुस्ती मांडणारे पंडित ठाकूरदास भार्गव हेच पुढे संसदेत वनस्पतीबंदीचं विधेयक घेऊन आले. गाय आणि तूप यांची काळजी एकाच हातातून आली, हा योगायोग मला वाटत नाही. टिकाऊ, निर्धोक रंग काही सापडला नाही. शेवटी वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती झाली. कशासाठी? तिळाचं तेल असलं की एका साध्या रासायनिक चाचणीत लाल रंग येतो आणि भेसळ पकडता येते. म्हणजे गरिबाच्या डब्यात सरकारने जी खूण घातली, ती तूप खाणाऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून! वनस्पतीत जीवनसत्त्व ‘अ’ घालणं १९५३ पासून बंधनकारक झालं, ही एक गोष्ट मात्र खाणाऱ्याच्या बाजूने झाली.

डबा खाणाऱ्याच्या शरीरात काय होतं, हा प्रश्न फार उशिरा आला. तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन मिसळून ते अर्धवट घट्ट केलं की त्यात ट्रान्स फॅट तयार होतात. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं कमी करतात, हे हॉलंडच्याच मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं. डेन्मार्कनं २००३ मध्ये २ टक्क्यांची मर्यादा घातली. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने आपल्याकडच्या वनस्पतीचे ब्रँड तपासले, तर ट्रान्स फॅट या मर्यादेच्या ५ ते १२ पट निघाले. भारतात ही २ टक्क्यांची मर्यादा लागू झाली जानेवारी २०२२ पासून. तुपाच्या शुद्धतेवर संसदेत चर्चा १९५० च्या आसपास झाली, आणि डालडा खाणाऱ्याच्या हृदयाची पाळी सत्तरेक वर्षांनी आली. ‘आपल्या पोळीवर तूप ओढून घेणे’ हा वाक्प्रचार इथे शब्दशः लागू पडतो.

म्हणून आज आपल्यातच जे दोन सूर ऐकू येतात, ते दोन्ही मला पटत नाहीत. एक म्हणतो, तूप खाणं म्हणजे ब्राह्मणीकरण. मग चकवाड्याच्या त्या यजमानाला काय म्हणाल? त्यानं मार खाल्ला तो सवर्णांची नक्कल केली म्हणून, की स्वतःच्या माणसांना माणसासारखं जेवू घातलं म्हणून? दुसरा सूर शिकलेल्या, नोकरीतल्या आपल्या भावंडांचा. देशी गाईचं ‘ए-टू’ तूप, किलोला काही हजार रुपये, तेच खरं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे ‘ए-वन, ए-टू’ दावे काढायला सांगितले आणि आठवड्याभरात तो आदेश मागेही घेतला. त्यामागचं बाजाराचं आणि गाईचं राजकारण ओळखायला फार अभ्यास लागत नाही. तुपात अर्ध्याहून जास्त संपृक्त चरबी असते. ते अमृत नाही, विषही नाही. पोळीवर चमचाभर घ्या, कुणाला दाखवायला घेऊ नका.

आमच्या वस्तीत बुद्धपौर्णिमेच्या भोजनदानाच्या बैठकीत यावरून चांगलीच जुंपली होती. एक दादा म्हणाले, पाचशे माणसांना तूप कुठून परवडणार, वनस्पतीचा डबा आणा. एक ताई उसळल्या, “आपल्याच माणसांना डालडा?” शेवटी भाजीला शेंगदाण्याचं तेल आणि फक्त खिरीला थोडं तूप असं ठरलं. खर्च वनस्पतीपेक्षा वाढला, पण फार नाही, आणि वर्गणी देणाऱ्यांनी कुरकूर केली नाही.

घरात आता वनस्पतीचा डबा फारसा दिसत नाही. चरबी येते ती खारी, नानकटाई, क्रीमरोल, गाडीवरच्या तळणातून. पाकिटावर ‘वनस्पती’, ‘हायड्रोजनेटेड तेल’, ‘मार्गारीन’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. हल्लीचं मऊ, डबीतलं मार्गारीन जुन्यापेक्षा बरं असू शकतं, त्याच्यावरही ट्रान्स फॅटचा आकडा छापलेला असतो. सुट्या खारीवर मात्र अक्षरच नसतं. म्हणून गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गातली मुलं नाक्यावरच्या तीन बेकऱ्यांत विचारायला गेली. दोघांनी आत नेऊन डबा दाखवला. तिसरा म्हणाला, “खारी घ्यायला आलात की झडती घ्यायला?” त्याच्याकडे पुढच्या रविवारी पुन्हा जायचं ठरलंय.