शेतकरी युवक मंडळ आणि स्वतःचा तुकडा
(धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण)

शेतीविस्ताराच्या इतिहासात शेतकरी युवक मंडळ ह्या संस्थेला फारच थोडी जागा मिळालेली आहे. धरणे, कुळकायदे, सहकारी कारखाने व संकरित बियाणे ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु शेतकऱ्याच्या मुलाने वा मुलीने शेती कोठे व कशी शिकावी, ह्या प्रश्नाचे जे एक उत्तर विसाव्या शतकाने दिले, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. प्रस्तुत टिपणात ह्या संस्थेचा उगम, तिचे भारतातील आगमन व धाराशिव जिल्ह्यातील तिची वाटचाल ह्यांचा विचार करावयाचा आहे. हा जिल्हा २०२३ पर्यंत उस्मानाबाद ह्या नावाने ओळखला जात असे, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत त्याचा विस्तार आजच्याहून बराच मोठा होता, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

संस्थेचे मूळ अमेरिकेत आहे. १९०२ साली ओहायओ राज्यातील क्लार्क परगण्यात ए. बी. ग्रॅहम ह्या शिक्षकाने शाळकरी मुलामुलींचे एक मंडळ सुरू केले. १९०७ मध्ये मिसिसिपी राज्याच्या होम्स परगण्यात मुलांची मक्याची मंडळे निघाली, आणि १९१० मध्ये दक्षिण कॅरोलायनातील एकेन परगण्यात मेरी क्रोमर ह्या शिक्षिकेने मुलींचे टोमॅटो मंडळ स्थापिले. ह्या मंडळांची रचना पाहिली असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. प्रत्येक सदस्याकडे एक निश्चित तुकडा असे. टोमॅटो मंडळातील मुलीकडे एकरचा दहावा भाग, तर मक्याच्या मंडळातील मुलाकडे बहुधा अर्धा किंवा एक एकर जमीन असावयाची. त्या तुकड्यावरील बियाणे, खत, मजुरी व विक्री ह्यांचा हिशेब सदस्याने स्वतः लिहावयाचा, आणि झालेला नफा त्याचाच. १९१० साली जेरी मूर नावाच्या दक्षिण कॅरोलायनातील मुलाने एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक मका पिकविला, तेव्हा त्याची वार्ता देशभर गेली. मुलाने पिकविलेले पीक बांधावरून पाहून बापाने आपली पद्धत बदलावी, हा विस्तारकार्याचे प्रवर्तक सीमन नॅप ह्यांचा हिशेब होता. बापाला व्याख्यान देण्यापेक्षा मुलाला तुकडा देणे अधिक फलदायी ठरते, हा त्यामागचा अनुभव होय.

१९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने ह्या कार्याला कृषी महाविद्यालयांचा व सरकारी निधीचा कायम आधार मिळाला. पुढे डोके, हृदय, हात व आरोग्य ह्या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ही चळवळ ‘फोर-एच’ नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यातील उणीवही येथेच नोंदविली पाहिजे. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांची मंडळे वेगळी ठेवली जात, आणि ज्याचा बाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबत असे त्या मुलाला स्वतःचा तुकडा मिळणे कठीणच होते. तात्पर्य, ही संस्था जमिनीच्या मालकीच्या प्रश्नापासून जन्मतःच अलिप्त नव्हती.

भारतात ह्या कल्पनेचा पहिला लक्षणीय आविष्कार रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात आढळतो. १९२२ मध्ये लिओनार्ड एल्महर्स्ट ह्यांच्या साहाय्याने सुरू झालेल्या त्या संस्थेने खेड्यांतील मुलांची ‘व्रती बालक’ ही संघटना उभी केली. मुंबई इलाख्यात तालुका विकास संघ व १९३३ सालापासून गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स ह्यांची ग्रामसुधारणा योजना असे प्रयत्न झाले. ते वरून आलेले होते व त्यांची पोच मर्यादित होती. तथापि सभा भरविणे, संघ स्थापणे व त्याचे अहवाल छापणे ह्या गोष्टींची सवय त्यामुळे ग्रामीण भागास लागली.

बार्शी ओलांडून पूर्वेस गेले की परिस्थिती पालटत असे. आजचा धाराशिव जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. सभाबंदीच्या सुप्रसिद्ध गश्ती निशाण ५३ अन्वये पूर्वपरवानगीवाचून सभा घेता येत नसे, आणि खासगी शाळांनाही परवानगीचा जाच होता. अशा राज्यात तरुणांचे कोणतेही मंडळ हे प्रथमतः संशयाचा विषय होई. जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय शाळेचा इतिहास ह्या दृष्टीने बोलका आहे. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ ह्यांनी ह्याच शाळेत अध्यापन केले. म्हणजे तरुणांची शक्ती एकत्र येत होती, परंतु ती साहजिकच राजकीय मुक्तीकडे वळली. १९४७-४८ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या सरहद्दीवर जे कॅम्प उभे राहिले, तेच ह्या भागातील त्या पिढीचे खरे युवक मंडळ होते असे म्हणावयास हरकत नाही. बी-बियाण्यांचा विचार करण्याची उसंत त्या पिढीला मिळाली नाही.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर संघटनेवरील बंधन गेले. दुसरे बंधन जमिनीचे होते. मराठवाड्यात जहागिरी, पायगा व सर्फ-ए-खास अशा अनेकविध मुलुखांतून रयत विखुरलेली होती. १९४९ साली सर्फ-ए-खास विलीन झाले व जहागिरी नष्ट झाल्या, आणि १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने संरक्षित कुळांना हक्क दिले. ह्या सुधारणांचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र त्यांनी जमीन ज्या नावावर चढविली, ते नाव कुटुंबातील कर्त्या पुरुषाचे होते. मुलाचे नाव बाप असेपर्यंत सातबाऱ्यावर येत नसे, आणि मुलीचे बहुधा कधीच येत नसे. ज्यांच्या घरी जमीनच नव्हती त्यांची कथा तर वेगळीच. १९५९ व १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत पडीक व गायरान जमिनीची मागणी अग्रभागी होती. शेतीचे शिक्षण घ्यावयाचे तर प्रथम पायाखाली जमीन हवी, हेच ती मागणी सांगत होती.

समाजविकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाली व वर्षभराने राष्ट्रीय विस्तार सेवा आली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. परभणीचे कृषी महाविद्यालयही १९५६ चेच. ह्या योजनेत तरुण मंडळ व महिला मंडळ ह्यांस मानाचे स्थान होते. सुमारे शंभर खेड्यांचा एक विकास गट आणि साधारण दहा खेड्यांस एक ग्रामसेवक, अशी मांडणी होती. ह्या एका ग्रामसेवकाने बियाणे पोचवावे, खताचे खड्डे मोजावे, विहिरी व रस्ते पाहावेत, आणि शिवाय मंडळेही स्थापावीत अशी अपेक्षा असे. खड्डे व मंडळे एकाच तक्त्यात मोजली जाऊ लागली म्हणजे मंडळ ही एक संख्या होऊन बसते. योजनेने लोकांचा स्वयंस्फूर्त पुढाकार जागविला नाही, असा निष्कर्ष बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली काढला. त्यावर उपाय म्हणून समितीने लोकनियुक्त संस्था सुचविल्या, आणि महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या.

सत्तेचे विकेंद्रीकरण झाले तरी तुकड्याचा प्रश्न तसाच राहिला. अमेरिकेतून मंडळाची कल्पना आली, बोधचिन्हाची व मेळाव्याची कल्पना आली, परंतु सदस्याच्या ताब्यातील जमीन व त्याच्या हातातील हिशेबाची वही ह्या दोन गोष्टी मागे राहिल्या. ह्याचा दोष केवळ अधिकाऱ्यांस देणे न्यायाचे होणार नाही. बालाघाटाच्या माथ्यावरील हा मुलूख कोरडवाहू आहे. पाऊस लहरी, अनेक ठिकाणी माती हलकी व उथळ, आणि वर्षाची भाकरी रब्बी ज्वारीवर अवलंबून. एका तुकड्यावरील फसलेला प्रयोग म्हणजे काही महिन्यांचे धान्य गमावणे, हे बापाला पक्के ठाऊक होते. मुलाला चूक करण्याची मुभा देणे हे ज्याच्या पदरी शिल्लक आहे त्यालाच परवडते. १९७२ च्या दुष्काळाने तर ह्या भागातील शेतकऱ्याला, त्याच्या बायकोला व मुलांना एकाच वेळी खडी फोडावयास लावले.

पुढील योजनांनीही खातेदारालाच केंद्रस्थानी ठेवले. प्रशिक्षण व भेट पद्धतीत कृषी सहायक ‘संपर्क शेतकऱ्या’ला भेटत असे, आणि असा शेतकरी बहुधा जमीनमालक पुरुष असे. नाबार्डने ५ नोव्हेंबर १९८२ रोजी विकास व्हॉलंटियर वाहिनी सुरू केली. २००५ साली तिलाच ‘फार्मर्स क्लब’ हे नाव मिळाले. तिचा मुख्य रोख बँकेच्या कर्जाचा विनियोग व परतफेड ह्यांकडे होता. कर्जासाठी पुन्हा सातबारा हवा, आणि म्हणून विशीतील मुलगा पुन्हा बाहेरच राहिला.

ह्या चित्रात दोन अपवाद आहेत, व ते दोन्ही ह्याच जिल्ह्याचे असल्यामुळे विशेष अभ्यसनीय आहेत. पहिला अपवाद शेळीचा. उस्मानाबादी शेळी ही जिल्ह्याच्या जुन्या नावाने देशभर ओळखली जाणारी जात. ती काटक आहे, जुळी करडे देण्याविषयी प्रसिद्ध आहे, आणि तिला सातबारा लागत नाही. भूमिहीन घरातील मुलाला, विधवेला वा शाळकरी मुलीला जे एकमेव उत्पादक धन स्वतःचे म्हणता येत होते, ते बहुधा हेच. ती केव्हा विकावयाची व पाट कोणती राखावयाची, ह्याचा निर्णय पाळणाऱ्याच्या हाती राही. अमेरिकन मंडळांतही मक्यापाठोपाठ डुकरे व वासरे आली, ती ह्याच कारणाने. कोणत्याही विस्तार योजनेने न शिकविता ह्या भागातील मुले जे शेतीव्यवहाराचे पहिले धडे गिरवीत आली, ते शेळीमागे गिरवीत आली.

दुसरा अपवाद भूकंपानंतरचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर उद्ध्वस्त झाला. पुनर्वसनाच्या कामात प्रेमा गोपालन ह्यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. त्यांतून बचत गट उभे राहिले, आणि पुढे दुष्काळाच्या वर्षांत एक एकर शेतीचा प्रयोग आकारास आला. घरातील स्त्रीने कुटुंबाकडून अर्धा-एक एकर मागून घ्यावयाचा, त्यात भाजीपाला, कडधान्ये व तृणधान्ये मिश्र पद्धतीने घ्यावयाची, प्रथम घरची चूल भागवावयाची व उरलेले विकावयाचे, अशी ही रीत आहे. २०१६ साली ह्या कार्यास संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ह्या स्त्रिया कोणत्याही युवक मंडळाच्या सदस्य नव्हत्या, हे खरे. परंतु एकेन परगण्यातील टोमॅटो मंडळाशी तुलना करता साम्य विलक्षण आहे: मर्यादित तुकडा, स्वतःचा निर्णय, स्वतःचा हिशेब, आणि कुटुंबाच्या शेतीत हळूहळू वाढणारा शब्द. एका एकरात जोखीम बेताची राहते, म्हणून कुटुंब तो देण्यास तयार होते. कोरडवाहू मुलुखात प्रयोगाची मुभा कशी मिळवावी, ह्या जुन्या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर आहे.

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. धाराशिव जिल्ह्यात युवक मंडळाच्या मार्गात क्रमाने तीन अडथळे आले: १९४८ पूर्वी सभाबंदी, त्यानंतर मंडळ मोजण्याची सरकारी रीत, आणि ह्या संपूर्ण काळात जमिनीवरील एकाच नावाची सत्ता. पहिला अडथळा राजकीय लढ्याने दूर केला. दुसरा विकेंद्रीकरणाने काही अंशी सौम्य झाला. तिसरा मात्र घराच्या उंबरठ्याच्या आत असल्यामुळे कायद्याच्या हाती पूर्णपणे लागला नाही. १९९४ साली महाराष्ट्राने व २००५ साली केंद्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला, तरी फेरफार नोंदविला जाण्यापूर्वी घरातील संमतीची वाट पाहावी लागते.

शेतकऱ्यांची मुले शेती सोडून जातात, ही खंत आज सर्वत्र ऐकू येते. ती व्यक्त करणाऱ्यांनी ह्या इतिहासाकडे एकदा पाहावे. ज्या तरुणाला चाळिशीपर्यंत पेरणीचा निर्णय घेता येत नाही, तो पुण्यातील कारखान्यात पहिल्या महिन्याच्या पगाराचा मालक होतो. त्याने काय निवडावे हे सांगण्यास पंडित नको. शेतकरी युवकांची नवी मंडळे स्थापावयाची असतील तर नोंदवहीत सदस्याच्या नावापुढे एक रकाना प्रथम आखावा, आणि त्यात त्याच्या ताब्यातील तुकड्याचा गट क्रमांक किंवा त्याच्या शेळ्यांची संख्या लिहावी. तो रकाना भरेपर्यंत मंडळाची गणना करू नये.