घोडं कुठं अडतं?

आमच्या आंबेगावात घोडं नावानावांत आहे. नदी घोड, तालुक्याचं गाव घोडेगाव, आणि खाली शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. या नावांच्या व्युत्पत्तीत मी शिरत नाही. पण या पट्ट्याचं घोड्याशी नातं जुनं आहे, आणि ते अक्षरशः दगडावर कोरलेलं आहे! जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. त्यात यज्ञांची यादी आहे, दोन अश्वमेध आहेत आणि दक्षिणेत दिलेले घोडेही आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही इथं घोडा मोजून ठेवण्याइतका मोलाचा होता.

त्यानंतर एकदम 1657 वर येऊ. शिवाजी महाराजांनी एका रात्री तटावर चढून मोगलांचं जुन्नर लुटलं. तीन लाख होन आणि दोनशे घोडी हाती लागली. शाळेत हे वाचताना आपण होनांकडे बघतो. मला मात्र बरेच दिवस घोड्यांचाच प्रश्न पडला होता. होन पोत्यात भरता येतात, पण दोनशे परकी घोडी अंधारात आणि गोंधळात अनोळखी माणसांनी बाहेर काढायची कशी?

घोडा धिप्पाड दिसला तरी मनाने तो शिकार होणारा प्राणी आहे. वाघासारखा झेप घेणारा नाही, तर वाघ आला की पळणारा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. फक्त अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून जाणती माणसं मागून जात नाहीत. बाजूने, बोलत बोलत, खांद्याला हात लावत जवळ जातात. घोड्याची पहिली बुद्धी पळायची, आणि दुसरी कळपाबरोबर राहायची. एक भडकलं की सगळी भडकतात, आणि एक शांतपणे चालू लागलं की बाकीची मागं येतात. त्यामुळे मला वाटतं, त्या रात्री जुन्नरात तलवारबाजांइतकीच घोड्याची नस ओळखणारी माणसंही असणार. हिसके देऊन दोनशे घोडी बाहेर पडत नाहीत. पुढचं एक विश्वासानं चाललं पाहिजे.

हे ज्ञान पुढे पागेच्या व्यवस्थेत दिसतं. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखाल आणि एक नालबंद अशी रचना सांगितली आहे. पाणी आणि खूर आधी, लढाई नंतर! राज्याभिषेकाच्या सुमाराला चिपळूण भागातल्या हलवर्णच्या छावणीला गेलेलं पत्र तर प्रसिद्धच आहे. दाणा-वैरण आत्ताच बेपर्वाईने उडवलीत तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय. मला हे पत्र फार आवडतं. घोड्याचा विश्वास रणांगणावर कमावता येत नाही. तो रोजच्या चंदीत, खराऱ्यात आणि वेळेवर मिळालेल्या पाण्यात साठत जातो.

गंमत म्हणजे ग्रीसमध्ये झेनोफोन नावाच्या लष्करी माणसाने सुमारे दोन हजार तीनशे-चारशे वर्षांपूर्वी घोड्यांवर पुस्तक लिहिलं, तेही हेच सांगतं. रागात घोड्याजवळ जाऊ नका. बुजलेल्या घोड्याला मारू नका, कारण मार बसला की ज्या वस्तूला तो बुजला ती त्याला आणखी भयंकर वाटते. ती वस्तू आधी आपण हाताळून दाखवा. आणि 1904 मध्ये बर्लिनमध्ये गणितं सोडवणाऱ्या 'हान्स' घोड्याची तपासणी झाली तेव्हा कळलं, की त्याला गणित येत नव्हतं. समोरच्या माणसाचं अंग किंचित सैल पडलं की तो खूर आपटायचं थांबवत होता. आपल्याला स्वतःलाही न जाणवणारी आपली हालचाल घोडा वाचतो. त्याच्यापुढे धीराचं सोंग टिकत नाही.

हे सगळं एकत्र कुठं दिसत असेल तर आपल्याकडच्या यात्रेत. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात बैलगाड्यापुढे घोडी पळवायची रीत आहे. मागे चार बैल सुटलेले, कडेला हजारोंचा गलका, हलगी, भंडारा, आणि पुढे एक घोडी. जिला निसर्गाने शिकवलंय की आवाज आला की वाट फुटेल तिकडे पळ, तीच घोडी स्वाराच्या मांडीच्या इशाऱ्यावर घाटात सरळ रेषेत जाते. हे भीतीने होतं की भरवशाने?

हा प्रश्न नुसता हळवेपणाचा नाही. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा निकालात घाबरलेल्या जनावराच्या 'लढा किंवा पळा' या वृत्तीचीच चर्चा होती. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. गावोगावी गुलाल उधळला गेला. आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू? पण कायद्याने शर्यत परत दिली, जनावराचा विश्वास काही कायद्याने परत मिळत नाही. तो ज्याचा त्याने गोठ्यात मिळवायचा असतो.

ओळखायचं कसं, ते सोपं आहे. बारी झाल्यावर घोडीकडे बघा. कान मागे चिकटलेले, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, शेपूट आवळलेली, म्हणजे ती पळाली नाही, पळवली गेली. मान खाली सोडून, कान सैल टाकून ती धन्याच्या खांद्याला नाक घासत असेल, तर इनाम कुणालाही मिळो, ती जोडी जिंकली.

आपल्यात एखादं काम रखडलं की विचारतात, 'घोडं कुठं अडलं?' मला वाटतं घोडं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं. पुढं काय आहे ते त्याला कुणी नीट दाखवलेलं नसतं.