मुळे आणि विषारी धातू

जमिनीतील विषारी धातूंचा पहिला फटका बसतो तो मुळाच्या टोकाला. आम्लधर्मी जमिनीत सामू साधारण ५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळते आणि काही तासांतच मुळाची वाढ खुंटते; टोक आखूड, जाड व ठिसूळ होते.

मूळ मात्र निमूटपणे मरत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात पारनेर, कर्जत, जामखेड भागांत रब्बीला पिकणारी ज्वारी पाहावी. या पिकाच्या सहनशील वाणांची मुळे टोकातून सायट्रेट सोडतात आणि ॲल्युमिनियमला बाहेरच जखडतात. त्यामागचे जनुक २००७ मध्ये ओळखले गेले. गहू हेच काम मॅलेटने करतो.

कॅडमियम अधिक चिंतेचे. लोह व जस्त आत नेणाऱ्या वाटांनीच ते शिरते. मग पेशी फायटोचेलॅटिन ही गंधकयुक्त पेप्टाइडे तयार करते, धातूला त्यांत बांधते आणि रिक्तिकेत कोंडते. बराचसा धातू असा मुळातच अडकतो, तरी थोडा दाण्यापर्यंत पोहोचतोच.

जिल्ह्यातील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू बहुधा ७.५ च्या वर असतो. तेथे ॲल्युमिनियमची बाधा जवळपास होत नाही. कॅडमियम आणि शिसेही कमी विरघळते. पण हाच चुना लोहालाही अडवतो व उसावर केवडा पडतो, म्हणजे पाने पिवळी पडतात. तेव्हा उसाची मुळे फायटोसिडेरोफोर ही लोह बांधणारी संयुगे सोडून लोह मिळवू पाहतात.

जड धातू जमिनीत साठले की सहसा निघत नाहीत. म्हणून कारखान्याचे सांडपाणी पिकाला देण्यापूर्वी त्यातील धातूंची तपासणी करून घ्यावी.